नवरातिल आणि कन्या

प्रिय रोझी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी संग्रहालय सोडतेय. सोमवारपासून दुकानात उभी राहते." आणि मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला आनंदाने बोलता येईना. तिचं काय चुकलं म्हणा, याच एका गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षं तुझं डोकं खाल्लंय. उत्तर देतो, पण जरा दम धर. आधी मी काल कुठे गेलो होतो ते ऐक.

पेपरातल्या त्या दीडशहाण्याने लिहिलं ना, की खाटकाच्या पोरीने संग्रहालयात रानडुकरीण म्हणून दुकानातलं डुक्कर आणून उभं केलंय? वाचून माझं डोकंच फिरलं. भर दुपारी दुकान बंद केलं. दारात कोलारिक बाई उभ्या. "अहो नवरातिल, माझं मटण?" म्हटलं, "आज बटाटे खा!" लग्नातला कोट चढवला, ट्राम पकडली आणि संग्रहालयाच्या रांगेत उभं राहून तिकीट काढलं. तुझी ओळख सांगून फुकट शिरायला मी काय भिकारी आहे?

तो संगमरवरी जिना चढेपर्यंत जीव गेला. वरच्या दालनात सगळे पेंढा भरलेले वाघ-सिंह छाती काढून उभे, जणू फोटोच काढून घ्यायला आलेत. आणि त्यांच्या शेजारी तुझी ती लाइन्त्सच्या जंगलातली म्हातारी रानडुकरीण. फाटका कान, लोंबलेलं पोट, मागचा एक पाय जरासा सैल सोडलेला. समोर दोन बाया उभ्या होत्या. एक म्हणाली, "अगं, दमलीय बघ ही. आम्हा सगळ्यांची जेवणं उरकली की माझी आई अशीच उभी राहायची." दुसरीने नुसतं नाक पुसलं. बराच वेळ हलल्या नाहीत दोघी.

आणि मग माझ्या हातून घोळ झाला. डुक्कर समोर दिसलं की खाटकाचा हात कुणाला विचारून पुढे जातो का? दोरावरून वाकलो आणि तिच्या पाठीवर पंजा ठेवला, चरबी किती आहे बघायला! घंटा अशी कोकलली म्हणतेस! पहारेकरी धावत आला. "ओ काका, हात काढा! खाटकाचं दुकान वाटलं काय हे?" म्हटलं, "मी खाटीकच आहे, आणि ही माझ्या मुलीने केलीय!" एवढ्या मोठ्याने ओरडलो की शाळेच्या सहलीतली सगळी पोरं वळून बघायला लागली. तो म्हणाला, "रोझविताचे वडील का तुम्ही? मग तिला सांगा, आधी बापाला शिस्त लाव." आणि जाता जाता हळूच म्हणाला, "लोक वाघापाशीसुद्धा एवढे थांबत नाहीत हो." पोरी, छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटलं. खोटं वाटत असेल तर आईला विचार, तिनेच शिवलंय.

पेंढा भरते म्हणून मी तुला चिडवायचो आणि तू फणकारायचीस, "बाबा, पेंढा नसतो हो त्यात!" हात ठेवला आणि पटलं. खांदा जिथे हवा तिथेच आहे, लहानपणी माझ्या ओट्याशी उभी राहून बोटाने चाचपायचीस तिथेच. मी जन्मभर जनावरं कापून सुटी करत आलो, तू एक परत उभं केलंस. आपल्या घराण्यात हे कुणाला जमलं नव्हतं, माझ्या आजोबांनाही नाही, आणि ते स्वतःला फार समजायचे.

तर आता उत्तर ऐक. नाही. दुकानात यायचं नाही. कुणी खाटकाची पोर म्हटलं म्हणून पळून येतेस? आहेसच तू खाटकाची पोर, तिथेच ताठ मानेने उभी राहा. तू जन्मलीस तेव्हा मी 'नवरातिल आणि कन्या' अशी पाटी रंगवून घेतली, तर सगळी गल्ली हसली होती. लोक 'आणि पुत्र' लिहितात ना! तू निघून गेलीस तरी ती पाटी मी हट्टाने काढली नाही, तुझी वाट बघत राहिलो. आज सकाळी शिडी लावून उतरवली, 'आणि कन्या' पुसलं आणि परत टांगली. आता नुसतं 'नवरातिल'. कोलारिक बाई मटण न्यायला आल्या, वर बघून म्हणाल्या, "अहो, कन्या कुठे गेली?" म्हटलं, "संग्रहालयात, वरच्या मजल्यावर, वाघाच्या शेजारी. जाऊन बघा. हात मात्र लावू नका."

तुझाच,
बाबा