पिंपाच्या तेवीस मुठी आणि रस्त्याकडची खोली

मी, जयवंताबाई, कैलासवासी देवाजी वाढई यांची पत्नी, वय अठ्ठावन्न, राहणार तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद, शिक्षण सातवी (माहेर पांढरकवडा), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डॉक्टरांनी छातीचं सांगितलं ते खरं. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारा अजून जन्मायचा आहे, हे वाक्य सुधाकरराव गुरुजींनी गाळायला सांगितलं होतं. गाळत नाही.

खालील सर्व मालमत्ता माझ्या नवऱ्याने हयातीत माझ्या नावे नोंदवून दिलेली असून तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

१. तीन एकर कोरडवाहू जमीन माझा एकुलता मुलगा खुशाल यास मिळावी. कापसाच्या नादात त्याने जवार पेरणं सोडू नये. कापूस चावता येत नाही.

२. घराच्या मागच्या तीन खोल्या, भांडीकुंडी आणि दोन बैल खुशाललाच.

३. नवऱ्याचा लाकूड कातायचा खराद, पटाशा आणि मोगरी हेही खुशालला. त्याला सुताराचं काम येत नाही, पण खरादाला दर पोळ्याला तेल घालावं. त्या खरादाने हे घर उभं केलं आहे.

४. तेवीस मुठी. हा माझा खरा ऐवज, म्हणून याबद्दल सविस्तर लिहिते.

देशी दारू लाकडी पिंपातून विकत तेव्हा तोटीला लाकडी मूठ असे. मूठ फिरवली की धार लागे. आमच्या भागातल्या सगळ्या डेपोंच्या तोट्या आणि मुठी माझ्या नवऱ्याने घडवल्या. हमालांना वाचता येत नसे, म्हणून त्यांनी गावागणिक घाट वेगळा केला. मावल्याची लिंबासारखी गोल, बेज्जूरची लांबट, तिला मोहाच्या कळीचं टोक. हमाल नुसता हात लावून पिंप कोणत्या गावचं ते सांगत. असा कारागीर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. स्वतः त्यांनी कधी थेंब घेतला नाही. आणि त्यांची बायको बायांना घेऊन तीच दुकानं बंद करत हिंडत होती.

१९८४ साली पहिली मूठ मी दगडाने फोडली. तुकडे पदरात बांधून आणले. ते पाहून हे रागावले. "फोडतं काऊन? लाकडाचा काय गुन्हा?" मग एक जुनी तोटी घेऊन मला शिकवलं. खालून मोगरीचा एक ठोका, डावीकडे अर्धा वेढा, की मूठ अलगद हातात येते. म्हणाले, "माह्या मुठीबिगर माही तोटी उघडत नाही. दुसऱ्याची बसतच नाही."

त्यानंतर आम्ही दुकानात जात असू, मूठ काढत असू आणि घरी येत असू. थेंब सांडला नाही, फळी मोडली नाही. दुकानांचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराने एकदा फौजदार आणला. फौजदाराने पिंपं ठोकून पाहिली, सगळी भरलेली. "नुकसान क्या हुआ?" त्याने विचारलं, तर गुत्तेदाराला सांगता येईना. शेवटी तो नव्या मुठी मागायला आमच्याच दारी आला. नवरा म्हणाला, "सागवान सरलं." मागे सागवानाची चळत गुत्तेदाराला चांगली दिसत होती. त्या दिवशी सण नसताना मी पुरणपोळी केली.

पुढे पिंपं जाऊन दारूची पाकिटं आली. पाकिटाला मूठ नसते. मग आम्ही दुकानाच्या दारातच बसायला लागलो. १९९३ ला देशी दारू बंद झाली, ते पाहून पुढच्या वर्षी नवरा गेला. मला त्यांचा फार अभिमान आहे आणि माझाही आहे.

प्रत्येक मुठीचं गाव, डेपो, माल कोणत्या कारखान्याचा, काढल्याची तारीख आणि सोबतच्या बायांची नावं निळ्या वहीत आहेत. आबकारीच्या कारकुनालाही एवढं ठाऊक नव्हतं. मुठी व वही माझी सून भागीरथा हिला मिळावी. विकू नये, वाटू नये.

५. अपवाद एका मुठीचा. ती दारूची नाही, रॉकेलची आहे. रेशन दुकानाचे मारोतराव यांचं पिंप तसंच, मूठही माझ्या नवऱ्याचीच. बाया जोरात होत्या, वास घ्यायचं कोणाला सुचलं नाही. दोन दिवस गावात दिवा लागला नाही आणि मारोतराव चोराला शिव्या देत फिरले. मीही त्यांच्यासोबत दिल्या. ती मूठ माझ्यामागे त्यांना परत करावी. माझ्या हयातीत नको, फार हसतील.

६. रस्त्याकडची खोली. १९९५ ला सगळ्याच दारूवर आलेली बंदी गेल्या साली उठली. तेव्हापासून खुशाल ही खोली दारूच्या दुकानाला भाड्याने द्यायची म्हणतो. "माय, सरकारच परवाने देऊन राह्यलं, आपून काऊन मांगं राहाचं?" वर म्हणतो, मुठी भिंतीवर टांगू, गिऱ्हाईक पाहून खूश होईल. माझा मुलगा वाईट नाही. पण हे ऐकून मी दोन दिवस जेवले नाही.

सबब ही खोली, घराच्या पुढच्या दारासह आणि किल्लीसह, भागीरथा हिला पूर्ण मालकीने देते. तिथे तिने बायांना बसू द्यावं, शिलाई मशीन घालावं, नाहीतर नुसतं कुलूप लावावं. खुशालला त्या खोलीत चहा प्यायची मुभा आहे.

७. बयनाबाई प्रत्येक दुकानात माझ्यासोबत होती. साक्षीदाराला काही देऊ नये असं गुरुजी म्हणतात, म्हणून तिला काही देत नाही. ती समजून घेईल, आणि दोन दिवस बोलणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोघांसमोर सही केली.

स्थळ: तलमडुगु
तारीख: १८ जानेवारी १९९८

(सही) जयवंताबाई देवाजी वाढई

साक्षीदार:
(सही) सुधाकरराव, शिक्षक, तलमडुगु
(अंगठा) बयनाबाई, तलमडुगु

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर:

कागद लपवून ठेवणं मला पटेना, म्हणून खुशालला बोलावून वाचायला दिला. सहाव्या कलमाशी तो थांबला. म्हणाला, "माह्यावर भरोसा नाही काय, माय?"

मी म्हणाले, "हाय रे. तुह्या बापावर तर त्याहून जास्त होता. त्यानंच ही खोली गुत्तेदाराले देली होती. तू मामाकडं शाळेत होता तवा. दोन साल इथंच दुकान चाललं. दोन साल मी मांगच्या दारानं घरात येत होती."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने सहावं कलम पुन्हा वाचलं. मग त्याने गुरुजींकडे पेन मागितला. वारसाची साक्ष चालत नाही, असं गुरुजी म्हणाले.

"साक्ष नाही," तो म्हणाला. "वाचलं, एवढंच लिवतो."

वाचलं. खोली भागीरथाची. माय पुढच्या दारानं येईल जाईल.
(सही) खुशाल देवाजी वाढई