डॅशबोर्डची पट्टी धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय एकोणपन्नास, जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड नव्याने घडवून देण्याचा धंदा करणारी, घरात मधली आणि बाजारात डॅशवाली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. मीही गिऱ्हाइकांना नेहमी असेच सांगते, म्हणून लिहिते आहे.

कलम १. कारखान्यावरच्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या धाकट्या बहिणीचे. ती माझ्याबरोबर तिथेच राहते, त्यामुळे तिला नवीन असे काही मिळेल तर ती खिडकीजवळची माझी कॉट. ती तिला लहानपणापासून हवी आहे.

कलम २. सगळी हत्यारे गिअरबॉक्सवाल्या मेस्त्रींना. कानशी, नक्षीची करवत, शिकंजा, छिन्न्या. अट एकच, कानस तेलकट हाताने धरायची नाही. वीस वर्षे सांगते आहे. "बाई, तेलाने गंज लागत नाही," असे त्यांचे उत्तर ठरलेले. गंज लागत नाही, पण कानस घसरते, मेस्त्री. निदान माझ्यामागे तरी ऐका.

कलम ३. पुठ्ठ्याचे साचे ज्या गाडीचे त्या गाडीच्या मालकाला द्यावेत. रद्दीत घालू नयेत. प्रत्येकावर पेन्सिलीने मापे आहेत आणि काहींवर मालकाविषयी माझे मत. ते आधी खोडावे.

कलम ४. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, काहीही नाही. हे रागाने नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला या कागदावर दादाची सही हवी आहे. का, ते पुढच्या कलमात कळेल. माझी शिडी त्याच्याकडे आहे ती यात धरू नये. ती त्याने मृत्युपत्राची वाट न बघताच नेली. गाड्यांच्या सीट शिवणारी माझी मैत्रीण सीटवाली, तिलाही याच कारणाने काही नाही.

कलम ५. बाबांची गाडी आणि तिच्या डॅशबोर्डची नवी पट्टी धाकटीला.

ही गाडी बाबांनी माझ्या नावावर केली, कारण तिची सगळी कामे मी फुकट करीन हे त्यांना ठाऊक होते. दादा आणि मी हिच्यावरच गाडी शिकलो. धाकटी मागच्या सीटवर असायची. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबणे तिला शक्य नव्हते. "तिला काय कमी आहे? म्हणेल तिथे नेऊ," बाबा म्हणायचे, आणि न्यायचेही. बाबा गेल्यावर एकदा ती मला म्हणाली, "नेतात गं सगळे, ताई. पण वाटेत मनात आलं म्हणून वळता येत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मेस्त्रींनी एका मोडीत निघालेल्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. क्लच गेला, पेडल गेले, उजव्या पायावर काम भागेल अशी गाडी झाली. दादा येऊन बघून गेला. "बाबांच्या गाडीची वाट लावताय तुम्ही दोघी."

आता गिअर कुठे आहे ते दाखवणारा काटा हवा. जुन्या डॅशबोर्डवर त्याला जागाच नव्हती. स्पीडोमीटरच्या शेजारी वीतभर उभी पट्टी होती, तीही तडकलेली. मी नवी केली. आधी पुठ्ठा, मग पत्रा, पत्र्यावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, मधे बोटाएवढी खिडकी. खिडकीच्या कडेला वरून खाली बारीक अक्षरांत शब्द कोरले: थांबा, मागे, मोकळा, पुढे. काटा खिडकीच्या आत, दोन बोटे मागे. खोलगट दिसते, सुंदर दिसते, म्हणून मी तो मागे ठेवला.

शब्दांच्या जागा ठरवताना सीट शिवायला गेली होती. मी रंगाच्या डब्यावर बसले आणि काटा जिथे दिसला तिथे खुणा केल्या. मी घरात सगळ्यांत उंच, त्यात डब्यावर. धाकटी माझ्या खांद्याला लागते.

पट्टी बघायला माणसे आली. जुन्या गाडीवाल्यांच्या मेळाव्यात तिचे फोटो निघाले, सात जणांनी तशीच मागितली. पुढच्या आठवड्यात धाकटी, दुसऱ्या एका ऑटोमॅटिकवर शिकून लायसन्स काढलेली, पहिल्यांदा एकटी या गाडीत बसली. इंजिन चालू होते. तिने गिअर 'मोकळा'वर आणला, ब्रेक सोडला, आणि गाडी मागे जाऊन, समोरच राहणाऱ्या दादाच्या फाटकाच्या खांबावर आदळली. कोणाला लागले नाही. खांब तेवढा वाकला.

"मी आधीच म्हणालो होतो," दादा म्हणाला.

"मी मोकळ्यावर ठेवला होता रे. निदान मला तरी तसंच वाटलं." मग आपल्या पायाकडे बघून, "गोंधळ माझाच असणार." तिने तिची किल्ली खिळ्याला लावली ती आजपर्यंत तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आत घेतली. माझी किल्ली खाली पडली, ती उचलायला वाकले आणि वर बघितले, तर काटा 'मागे'वरून 'मोकळा'वर आलेला. गिअरला मी हात लावला नव्हता. ताठ बसले, 'मागे'. वाकले, 'मोकळा'. असे पाच-सहा वेळा केले. बाहेरून कोणाला व्यायाम वाटला असता.

धाकटीचा गोंधळ झाला नव्हता. तिच्या डोळ्याला जे दिसले ते तिने बरोबर वाचले होते. काटा इतका मागे, की डोळा खाली आला तर तो एक शब्द खाली दिसायचा. चूक माझ्या डब्याची, म्हणजे माझी.

मी सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू करता सहा वर्षे गेली. त्या सात गिऱ्हाइकांच्या पट्ट्यांत मी काटा पुढे आणून, खिडकीला टेकवून बसवला. परक्यांची चूक टाळली आणि घरातली तशीच ठेवली, कारण ती उघडली असती तर का उघडली हे सांगावे लागले असते. या धंद्यात मी याहून वाईट काम केलेले नाही.

नवी पट्टी तयार आहे. कपाटाच्या खालच्या खणात, फडक्यात. हिच्यातही काटा खिडकीला टेकवला आहे, शिवाय यंदा धाकटीला गाडीत बसवून तिच्या डोळ्यापासून दोरा लावून माप घेतले. गाडीच्या खिडकीला पडदा शिवायचाय असे तिला सांगितले. मग पडदाही शिवावा लागला. माझ्यामागे मेस्त्रींनी ती बसवावी, हे कलम दादाने मोठ्याने वाचावे, आणि धाकटीने गाडी चालवावी.

(कलम ५ एका आडव्या रेघेने खोडले आहे, वाचता येईल असे. खाडाखोडीवर माझी सही आहे. कारण खाली.)

पुरवणी, सहीच्या दिवशीची.

वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला. "तुमच्या आजी किती वर्षं जगल्या?"

"ब्याण्णव."

"तुम्ही त्यांच्यावर गेला असाल, तर गाडी मिळेल तेव्हा तुमच्या बहीण सत्त्याऐंशीच्या असतील. तेव्हा लायसन्स नवं करून मिळतं का ते बघून ठेवू?"

मी कागद घेऊन घरी आले, दादाला बोलावले आणि कलम ५ दोघांसमोर स्वतःच वाचले. दादा मधे बोलला नाही. हे मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदाच पाहिले.

"सहा वर्षं, ताई?" धाकटी म्हणाली. "सहा वर्षं मी माझ्या पायाला बोल लावतेय."

"हो."

"आणि त्या सात जणांची आधी नीट केलीस?"

"हो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खिडकीजवळची कॉट मात्र तिने त्याच दिवशी घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खिळ्यावरची किल्ली घेऊन कारखान्यात आली.

"बसव ती पट्टी. तू मेल्यावर मिळणारी वस्तू मला नको. आणि माफ केलंय असं समजू नकोस, ते मी सावकाश करणार आहे."

"कर सावकाश," मी म्हणाले. चार स्क्रू लावायला मला तासभर लागला.

ती सीटवर बसली. "मोकळा," म्हणाली. मान वर केली, "मोकळा." खाली वाकली, "मोकळा." मग दादाकडे बघितले. तो फाटकात, वाकड्या खांबाला पाठ लावून उभा होता.

"दादा, असा उभा राहू नकोस, सही करायला जायचंय. मागे बस."

"मागे?"

"मी चाळीस वर्षं बसलेय. चावत नाही ती सीट."

तो बसला. वाटेत सीटवालीला घेतले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर धाकटीने काही कारण नसताना डावीकडे वळवली.

"अगं, ऑफिस सरळ आहे," दादा म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली.

आम्ही ऑफिसला पाऊण तास उशिरा पोहोचलो. गाडी तिच्या नावावर करण्याचे कागद आज दुपारीच दिले आहेत. जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, म्हणून कलम ५ खोडले. कलम १ मधली कॉटही गेली. बाकी सगळे कायम.

सही: मधली.

साक्षीदार पहिला: दादा. वाचून सही केली. फाटकापाशी जे बोललो ते मागे घेतो. खांब तसाच राहू देणार आहे. शिडी उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरी: सीटवाली. सीट वेळेत शिवून दिली असती तर हे झाले नसते, हे मला आजच कळले. पण डबा माझा नव्हता.

स्थळ: गाडीत, वकीलबाईंच्या ऑफिससमोर. त्या खाली येऊन खिडकीशी उभ्या आहेत, कारण धाकटी उतरायला तयार नाही. दिनांक अकरा जून, दुपारी पावणेपाच. इंजिन चालू, काटा 'थांबा'वर. चौघांनाही तोच दिसतो.