बिनखिळ्याची चप्पल

विष्णुपुरी, नांदेड
बुधवार, ११ जून २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि कॉन्व्हेंटच्या शाळेची धावपळ सुरू झाली असेल, असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. शिवांगीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलं. गेल्या आठवड्यात अहमदपूरला संविधानावर बोललो. सभागृह भरून लोक बाहेर उभे होते.

अप्पांच्या मातीला तू पोचू शकली नाहीस, याचा तुला राग आहे. मला तो कळतो. सगळं अचानक झालं. कोणाला कळवायला वेळच मिळाला नाही.

आता कामाचं. सोमवारी शिवांगीच्या जात पडताळणीची सुनावणी आहे. आमच्या घराण्यात कोणीही धर्म बदललेला नाही, असं मला शपथेवर लिहून द्यायचं आहे. वडिलांचं नाव सटवाजी, एवढंच. जोसेफ नाही. गुलबर्ग्याला तुझ्याकडे कोणी विचारायला आलं, तर तू गप्प राहावंस, हे सांगायला मी पत्र लिहायला बसलो. आधीच्या चौकशीत मी सांगून ठेवलंय की बहीण लग्न होऊन कर्नाटकात दिलेली आहे. तू हसशील. एका अर्थी ते खरंच आहे, तुम्ही सिस्टर येशूच्या वधूच म्हणवता.

मला खोटारडा म्हणण्याआधी ऐक. अप्पांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, त्या दिवशी जात धुऊन निघाली असं कायदा धरतो. मग ती बातमी गावाला कोणी दिली? पाणवठा जागचा हलला का? हॉटेलातला आपला वेगळा कप आत गेला का? जोसेफ झालेल्या माणसाला पाटलांनी ओट्यावर बसवलं का? देव बदलला, उंबरा तोच राहिला! मग सवलत तेवढी का काढून घेता?

हे भाषण खरं आहे, आक्का. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण मी ते कधी केलं नाही. वीस वर्षं माईकसमोर उभा आहे, सगळ्या जगाच्या अन्यायावर बोललो, या एकावर नाही. कारण ते बोलायचं तर आधी बापाचं नाव सांगावं लागलं असतं.

बावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी दाखला काढला तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले होते, "कागद तुझा हाय. पर मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई." म्हणून त्यांना कोणी विचारू नये, अशीच मी व्यवस्था केली. इथं ते वर्षातून दोनदा यायचे. दारात चप्पल काढण्याआधी गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत ढकलायचे. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही.

रविवारी दुपारी नागप्पा आला. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतला, आपल्याला मोगऱ्याची फुलं आणून द्यायचा तो. लातूरहून एसटीनं आला, स्टँडवरून पत्ता विचारत पायी. दार शिवांगीनं उघडलं.

"जोसेफमामाचं घर हेच का बाई? माती कुठं दिली त्यास्नी, तेवढं दावा. मेणबत्ती लावून जातो."

सोफ्यावर शेजारचे उमाशंकर बसले होते. सोमवारचे माझे साक्षीदार. मी आतूनच म्हणालो, "इथं कोणी जोसेफ नव्हते. घर चुकलात तुम्ही."

नागप्पानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलो साहेब. म्हातारा झालो, दिसून न्हाई राहिलं." आणि वळला.

तो उभा होता तिथे पांढऱ्या फरशीवर रक्त होतं. जिन्याच्या पायऱ्यांवरही, एकेका पावलाचं. त्याला पत्ताच नव्हता.

तुला आठवतं ना? एकतीस वर्षं अप्पांनी वसाहतीत चपला शिवल्या. जुन्या वर्तमानपत्रावर रोग्याचा पाय ठेवायचा, पेन्सिलीनं कड आखायची, जखम असेल तिथं फुली, कोपऱ्यात नाव. मऊ रबर कापायचं, शिवायचं, चिकटवायचं. पण खिळा कधी नाही. बधिर पायाला खिळा कळत नाही, माणूस मैलभर चालतो आणि पाय सडतो. चप्पल झाली की आत स्वतःचा हात घालून कोपरा न् कोपरा चाचपायचे. "त्येचा पाय मुका हाय. त्येच्या वाटचं माझ्या हातानं बोलायचं." संध्याकाळी त्याच हातात जपमाळ. आईला पेंग आली की तिच्या वाट्याचे मणीही तेच ओढायचे. नाताळची पहिली करंजी वसाहतीत गेल्याशिवाय आपल्या ताटात दुसरी पडत नसे, आणि आपण दोघं फुगून बसायचो.

अप्पा गेल्यावर तिथं चपला शिवणारं कोणी उरलं नाही. नागप्पाचा पट्टा तुटला, त्यानं स्टँडवर कोणाकडून तरी बसवून घेतला. त्या माणसानं खिळा ठोकला.

उमाशंकर म्हणाले, "सर, फिनेलनं पुसून घ्या." मी जागचा हललो नाही. शिवांगी धावली. खाली पायरीवर तिनं त्याला बसवलं, पायातली चप्पल काढली आणि आत हात घातला. तिला हे कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तर नाही. त्याला दवाखान्यात नेऊन, पट्टी करून, गाडीत बसवून ती तीन तासांनी परतली. मूठ उघडून तो खिळा टेबलावर ठेवला. म्हणाली, "पप्पा, आबा इथं कधीच नव्हते का?"

आक्का, अचानक काही झालं नाही.

एप्रिलात, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी सकाळी अप्पा दवाखान्यात शुद्धीवर होते. म्हणाले, "फ्रान्सिस, फादरला बोलीव. शेवटचं तेल लावून घ्यायचं हाय. अन् उज्वलाला सांग." मी म्हणालो, हाव अप्पा, फादर लातूरहून निघालेत. संध्याकाळी विचारलं, "कुठवर आले?" माझ्या तोंडून निघालं, लोह्यापर्यंत. सोमवारी हसून म्हणाले, "अजून लोह्यातच? एसटी पंक्चर झाली काय रे?" मंगळवारी माझा हात हातात घेतला. "ऱ्हाऊ दे. लई लांबून येऊन राहिलेत ते. तरास नगं देऊ."

त्यांना कळलं होतं. त्यांनी मला सोडवलं. बुधवारी गेले.

मी कोणालाच फोन केला नव्हता. फादरांना नाही, तुला नाही. दवाखान्याच्या खोलीत पांढरा झगा दिसला असता, कोणीतरी पाहिलं असतं. तीन दिवस होते माझ्याकडे. वसाहतीत आईशेजारची जागा त्यांनी स्वतः साफ करून ठेवली होती. मी त्यांना लोह्याकडच्या आपल्या गावी नेलं, क्रूसाशिवाय पुरलं आणि दगडावर सटवाजी लिहिलं.

आता ऐक. सोमवारी सकाळी अकराला नांदेडला ये. तुझ्या त्या पांढऱ्या वेशातच ये. वडिलांचं नाव विचारल्यावर मी काय बोलेन, याची मला खात्री नाही. हजारोंसमोर चालणारी ही जीभ एवढ्या एका नावाला घाबरते. मी सटवाजी म्हणून थांबलो, तर तू ऊठ आणि हे पत्र समितीपुढे ठेव. माझं अक्षर आहे, माझी सही आहे. शिवांगीचा प्रवेश जाईल, माझी नोकरी जाईल. मी तिला सांगितलंय. खिळा अजून टेबलावर आहे.

येताना लातूरच्या फादरांना सोबत घे. माझा शब्द ते आता मानणार नाहीत, तुझा मानतील. त्यांना निदान लोह्यापर्यंत यायला सांग. अप्पा तिथंच वाट बघतायत.

जय येशू.

बावीस वर्षांनी हे नाव लिहितोय,
तुझा भाऊ,
फ्रान्सिस जोसेफ