बोलण्याआधी वाटलेला गूळ

आई,
परवाच्या रविवारी सकाळी मी शाहूपुरीच्या गूळबाजारातून गुळाच्या दोन ढेपा आणल्या आणि गावातल्या देवळात तुझ्या नातीला तराजूत बसवलं. पारडं हललं की ती खदखदून हसायची. पाच वर्षांची आहे, अजून एक शब्द बोलत नाही. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. तू नवस केलास, मी बोललो, आणि माझ्या वजनाइतका गूळ तू गावभर वाटलास. ही गोष्ट मी जन्मभर मिरवली. पोरगी हाकेला वळेना, तेव्हा तुझ्या सुनेलाही तीच ऐकवली. "माझ्यावर गेलीय. मीही गुळाचा नवस केलाय, बोलेल." त्यात दोन वर्षं गेली. शेवटी तुझी सून म्हणाली, "तुमची गोष्ट पुरे. उद्या दवाखान्यात जायचं." डॉक्टरबाई बराच वेळ फरशीवर बसून पोरीशी खेळल्या, मग म्हणाल्या, "हा ऑटिझम आहे. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. आता शिकवायला लागू या." मला वाटलं होतं, आम्ही रडू. बाहेर उसाच्या रसाचं दुकान आहे. चरकाच्या घुंगरांपाशी पोरगी थांबते, माझं बोट धरते आणि घुंगरांकडे नेते. "बघा, सांगतेय की ती!" तुझ्या सुनेला हसू आवरेना. आम्ही तिघं दोन-दोन ग्लास रस प्यालो. गूळ बोलण्यावर अडवून ठेवायचा नाही, हे मी तिथंच ठरवलं. पण भावकीपुढं 'ऑटिझम' हा शब्द काढायला आठ महिने लागले.

देवळात भावकीतल्या तात्यांनी गाठलंच. "पोर बोललीच न्हाय आणि नवस फेडतोस व्हय रं? देवाला फशिवतोस?"

"नवस न्हाय, तात्या. पोरगी हाय, म्हणून वाटतोय. तिला ऑटिझम हाय. बोलंल, न बोलंल."

तात्यांनी एकदा पोरीकडं बघितलं. मग हात पुढं केला. "मग खडा जरा मोठा दे की. एवढ्याशानं काय हुतंय?" सगळे हसले, पोरगीही.

गर्दी ओसरल्यावर शेजारगल्लीतली एक आजी जवळ आली. "आमचाबी नातू बोलत न्हाय रं. पर त्येचा बा बी उशिराच बोललाय." तुझ्या नवसाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती, आई. ती मी गिळली, आणि आजीला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.