अठरा इंची पडद्याच्या पलीकडे

तीर्थरूप दादा,

नमस्कार. वाकून केला आहे. पत्रात तो दिसत नाही म्हणून मुद्दाम कळवतो. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचं नव्या दातांशी जमलं का? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे मी नवा लॅपटॉप घेतला आहे आणि तुमची बहीण एक तारखेला वर्षभरासाठी दुसऱ्या शहरात राहायला चालली आहे. (या दोन गोष्टींचा संबंध आहे. तोवर घाबरू नका, भांडण झालेलं नाही. भांडायलासुद्धा माणसांना एकमेकांकडे बघावं लागतं. फोनवरच सांगितलं असतं, पण घर लहान आणि तिचे कान तिखट, म्हणून पत्र.)

आधी लॅपटॉप, कारण तो कसा आहे असं तुम्ही विचारलं होतंत. मोठा आहे. शाळेच्या पुस्तकांची पानं लावायची तर समोरासमोरची दोन पानं एकदम दिसायला हवीत, या सबबीवर मी अठरा इंची घेतला. (जुन्यावरही दिसायची. जरा लहान दिसायची, एवढंच.) दुकानदार म्हणाला होता, काका, हा पडदा एकदा पाहिलात की दुसरं काही दिसणार नाही. तो अक्षरशः खरं बोलला, याची नोंद घ्यावी. मांडीवर दहा मिनिटं ठेवला तर पायाला मुंग्या आल्या. तो कुठल्याच पिशवीत मावेना, म्हणून ऑफिसात उशीच्या अभ्र्यात घालून नेला. वॉचमनने वहीत 'उशी एक' असं लिहून घेतलं आणि दिवसभर माझ्याकडे संशयाने पाहिलं. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, घरात गिरणी घातलीत का. आकड्यांची बटणं उजवीकडे दिल्यामुळे अक्षरांची डावीकडे सरकली आहेत, त्यामुळे मी तिरका बसतो, आणि अलीकडे चालतोही तिरका, असं लोक म्हणतात. रंग मात्र फार सुरेख दिसतात.

एवढं धूड ठेवायला घरात जेवणाचं टेबलच उरलं. बावीस वर्षं आम्ही त्या टेबलाशी समोरासमोर बसून जेवतो. झाकण उघडलं आणि तुमची बहीण अंबाड्याखाली दिसेनाशी झाली. पलीकडून ताट यायचं, आवाज यायचा. आवाजाला मी 'हो', 'बरं' आणि 'उत्तम' असं आलटून पालटून म्हणायचो, आणि ही युक्ती आपल्याला छान साधली आहे अशी माझी समजूत होती.

तर झालं असं, की तिच्या हॉस्पिटलने दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि तिथल्या एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून तिला विचारलं. मंगळवारी जेवताना तिने मला सांगितलं. मी तेव्हा बेडकाची पचनसंस्था बेचाळिसाव्या पानावर बसवत होतो. मी म्हणालो, उत्तम. बुधवारी ती म्हणाली, उद्या उत्तर द्यायचंय. मी म्हणालो, बरं. गुरुवारी तिने विचारलं, वर्षभर एकटे राहाल ना? मी म्हणालो, हो. (बेडूक तोवर बसला होता. मी सशावर होतो.) शनिवारी माळ्यावरून मोठी बॅग खाली आली तेव्हा मी विचारलं, कोण चाललंय?

तिला ती थट्टा वाटली. माझ्यासारखा समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही, असं तिने हॉस्पिटलभर सांगितलं आहे. तिथल्या दोन नर्सबाई माझं उदाहरण देऊन आपापल्या नवऱ्यांना बोलतात म्हणे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझं नाव झालं. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला काही ऐकूच आलं नव्हतं? पण दादा, तुमच्यापाशी कशाला लपवू, ती जायला नको आहे मला. बॅग बघितल्यापासून अन्न गोड लागत नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपा, वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. हे पत्र लॅपटॉपबद्दल नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. तिला फोन करा आणि तुमच्याच मनात आलं असं दाखवून, जाऊ नकोस म्हणा. माझं नाव काढू नका. तुमचा शब्द ती मोडत नाही.

आणखी ता. क. फोन करू नका. या पडद्यावरचं पत्र स्वयंपाकघराच्या दारात उभं राहूनही सहज वाचता येतं, हा गुण मला आत्ता कळला. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "मंगळवारी नको म्हणाला असतात, तर मी नकारच कळवणार होते. म्हणून तर तीनदा विचारलं." मी म्हटलं, मग आता म्हणतो, नको. तर म्हणाली, आता मलाच जावंसं वाटतंय. मग तिने टेबलावरचं माझं ताट उचललं आणि जाता जाता म्हणाली, "रोज जेवायच्या वेळी तिकडून व्हिडिओ कॉल करीन, याच पडद्यावर. मग तरी बघाल माझ्याकडे."