तिरक्या टेबलावरची शाळा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेच्या ऑपरेशननंतर वाकायला मनाई आहे, तेव्हा तूर्त उभ्याउभ्याच मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे तब्येतीने.

मुलांना घरीच शिकवायचं मी ठरवलं तेव्हा स्वतः मुख्याध्यापिका असूनही तू मला अडवलं नाहीस, म्हणून तुलाच सांगते. माझ्या अंथरुणापायी बुडालेला अभ्यास सोमवारपासून पुन्हा सुरू केला. एवढ्या खंडानंतर मुलांना एकदम जुंपू नये, हे मलाही कळतं. आमचं जेवणाचं टेबल पूर्वी खिडकीकडे फिरवलं की शाळा आणि भिंतीला लावलं की घर. या वेळी हळूहळू म्हणून मी ते अर्धंच फिरवलं. आता त्या तिरक्या टेबलापाशी कुणालाच काही उमगत नाही. ह्यांनी चहा मागितला तर धाकट्यानं त्यांना आधी हात वर करायला लावला, आणि मी भूगोल शिकवत असताना लेक नकाशावर ताटं मांडून गेली.

तेही चालेल गं. पण मुलं पार कोरी पाटी झाली आहेत! अपूर्णांक कोळून प्यायलेली लेक काल विचारते, "आई, पाव मोठा की अर्धा? सावकाश सांग, बसून सांग." धाकट्याचे बे दुणे रोज वेगळे येतात, मंगळवारी पाच, बुधवारी सात. बरं, चुकल्यावर घाबरावं, तर तेही नाही. उलट माझ्या पाठीला उशी लावतात. माझं डोकं चक्रावून गेलंय. माझ्या दुखण्यानं लेकरांचं नुकसान झालं, या विचारानं रडू येतं.

तुझी धाकटी

ता. क. : खरं काम हेच, की दोघांना तुझ्या शाळेत घे. मी मन घट्ट केलंय.

आणखी ता. क. : मावशी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय, म्हणून घाईत लिहिते. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, आईला एकदम ताण नको, हळूहळू कामाला लागू दे. म्हणून आम्ही सोपंसोपंच विचारतो. आम्हाला सगळं येतं. धाकट्याला तर भागाकारही येतो, मी शिकवला. उद्यापासून थोडंथोडं आठवायला लागतो. आम्हाला आईकडेच शिकायचंय. तू शाळेत जागा नाही म्हणून कळव. खोटं बोलायचं नसेल, तर आधी दोन बाक मोडून टाक.