पाकोळी घोडी कोणाच्या हाती द्यावी

श्री

मी भिवाजी बिन आनंदा भोईर, वय अदमासे सदुसष्ट, धंदा टांगा व घोड्यांची पारख, राहणार कल्याण, शेणाळे तळ्याजवळ, आपल्या राजीखुषीने व अक्कलहुशारीने हा कागद लिहवून ठेवितो. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही, गोड बोलून भरीस पाडलेले नाही. गोड बोलणारी माणसे माझ्या घरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच हा कागद करावा लागत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे गेले, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करावयाचे नसते.

लेखक त्रिंबकराव ओक, कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस, म्हणतात की मृत्युपत्रात मिळकत लिहितात, राग लिहीत नाहीत. मी म्हणालो, माझी निम्मी मिळकत रागच आहे, तोही वाटून द्यावयाचा आहे. तेव्हा मी सांगेन तसे त्यांनी लिहावे. व्याकरण तेवढे त्यांचे.

कलम पहिले. राहते घर, मागचा तबेला, अंगणातील दोन आंबे व विहिरीतील हिस्सा माझी पत्नी गंगूबाई हिने तिच्या हयातीपर्यंत उपभोगावा. घरात जी काही रोकड निघेल ती तिची. तिचे दागिने तिचेच आहेत, ते माझ्या देण्यात येत नाहीत. माझा सर्वांत मोठा राग तिच्यावर आहे, तो का ते पुढे येईल. पण राग आहे म्हणून बेचाळीस वर्षे माझ्या घरात चूल पेटविणाऱ्या बाईला म्हातारपणी मुलाच्या दारात उभी करीन एवढा मी हलका नाही. तिच्यामागे घर मुलगा मारुती याचे.

कलम दुसरे. टांगा, साज, लगाम, तोबरे, दोन्ही दिवे व स्टेशनावरील माझी टांगा उभा करण्याची जागा मारुतीस द्यावी. मारुतीचा लगामावरचा हात चांगला आहे. तो मी शिकविला. जीभ मात्र त्याची स्वतःची आहे. त्याने धंदा करावा, पण घोडा दुसरा आणावा. पाकोळी त्याला नाही. हा सगळा कागद त्या एका घोडीसाठी आहे. बाकीचे तोंडी सांगूनही भागले असते. मी गेल्यावर ती कोणाच्या दावणीला जाईल या एका विचाराने मला दोन महिने घास गोड लागलेला नाही.

कलम तिसरे. पाकोळी घोडी, रंग कुमैत, वय सतरा, छातीवर देवमणीचा भोवरा, म्हणजे शुभ मानलेली केसांची फिरकी, पुढील उजवा पाय पांढरा. ती तीन वर्षांची असताना मी तिला आणिली. तिच्या दाण्याआधी मी कधी चहाचा घोट घेतला नाही. संध्याकाळची शेवटची गाडी गेली की आम्ही घरी येत असू. मी खरारा करावा, गंगूने मागच्या पडवीत भाकरी थापाव्या, नात बायजाने घोडीच्या पोटाखालून इकडून तिकडे पळावे आणि आजीचा ओरडा खावा. कुत्रा भुंग्या घोडीच्या पुढल्या दोन पायांत मुटकुळे करून पडे. मांजर हरभऱ्याच्या पेटीवर बसून सर्वांवर देखरेख करी, म्हणून तिचे नाव दिवाणीण. पहिली भाकरी मोडून घोडीला, दुसरी कुत्र्याला, मग माणसांची पाने. असे आमचे घर होते. आता मी तबेल्यात जेवतो आणि ती चौघे, म्हणजे गंगू, मारुती, सून व नात, आत जेवतात.

पाकोळी बुजरी आहे असे स्टेशनावर सर्व टांगेवाले बोलतात. दीड वर्षामागे, भाद्रपदात, मुरबाडच्या रस्त्यावर टांगा चरात गेला. मागे बायजा बसली होती, तिचा हात मोडला. घोडी बुजली असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे आहे. घोडी चरापाशी आपण होऊन थांबली होती, मी तिला पुढे हाणिली. घरी आल्यावर सर्वांच्या देखत तिला चाबूक मारला तोही मीच. चूक घोडीची नव्हती एवढे येथे लिहावे. कोणाची होती ते लेखकांनी विचारू नये. ज्याच्या घरी ती जाईल त्याने तिला बुजरी समजून डोळ्यांना ढापणे बांधू नयेत.

कलम चौथे. आता दग्याचे. घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचण्याची विद्या मला बापाकडून आली. कल्याण-भिवंडीत कोणीही घोडा घेताना मला बोलावून नेत असे. मी म्हणेन तो घोडा विकला जाई, मी मान फिरविली की गिऱ्हाईक पाठ फिरवी. वाईटात वाईट भोवरा आसूढाळ. डोळ्याखाली, जेथून आसू ओघळावे तेथे केस फिरलेले असतात. असा घोडा ठेवणाऱ्या घरात रडणे येते अशी आमची समजूत. वीस वर्षांपूर्वी म्हशाच्या जत्रेत ठाण्याच्या पास्कू बिन जुझे या किरिस्तावाच्या घोड्याला मी भर बाजारात आसूढाळ सांगितला. घोडा कोणी घेतला नाही. पास्कू मला नको ते बोलला, मीही काही कमी बोललो नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, चढत गेला. हे मी कोणाला बोललो नाही. पारख्याचे डोळे गेले म्हणजे त्याला कोण विचारतो? माणूस आवाजावरून ओळखावा, रस्ता घोडीवर सोडावा, चालताना भुंग्याच्या मानेवर हात ठेवावा, असे मी निभावीत होतो. कोणाला पत्ता नाही अशी माझी समजूत होती.

शके १८०९ च्या चैत्रात पाकोळीला शिंगरू झाले. मादी. मी जाहीर केले की हिला मी स्वतः शिकविणार, स्वतः गाडीला घालणार, दुसऱ्या कोणी हात लावावयाचा नाही. भाद्रपदात ते चराचे प्रकरण झाले. त्यानंतर दसऱ्याच्या आधी तीन दिवस मारुती मला तबेल्यात घेऊन गेला. शिंगराचे तोंड धरून म्हणाला, आबा, डाव्या डोळ्याखाली केस फिरलेत, लहानपणी लव दाट होती म्हणून दिसलं नसेल. मी गंगूला विचारले. ती शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "अगंबाई, खरंच हो, आसूढाळच आहे."

बोट लावून पाहिले असते तर तेव्हाच कळले असते. पण बोट लावणे म्हणजे डोळ्यांना दिसत नाही असे कबूल करणे. ते माझ्याने होईना. मी शिंगराकडे तोंड करून, निरखून पाहिल्यासारखे केले आणि म्हणालो, होय, आहे. लेखक महाशय, हे लिहिताना तुम्ही थांबलात ते मला ऐकू आले. लिहा.

शेवटी मी बायजाला विचारले. भोवरे मी तिला बोट धरून शिकविले आहेत. तिचा हात अजून झोळीत होता. ती काही बोलली नाही. पोर घाबरली, तिलाही दिसला असणार, असे मी समजलो. मग माझ्याच तोंडाने सांगितले की घरातून काढा. जन्मभर दुसऱ्याची जनावरे ज्या शब्दाने दावणीवरून सोडविली, त्याच शब्दाने घरचे शिंगरू काढावे लागले. मारुतीने ते ठाण्यास नेऊन पास्कूला दिले, कारण भोवऱ्याची पर्वा न करणारा तेवढाच एक. पाकोळी नऊ दिवस ओरडत होती. दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ घालताना तिने मान फिरविली. घोडी माझ्यावर रुसली असे मी समजलो आणि तिची समजूत काढीत बसलो. घरातील चौघांनी ते पाहिले आणि एकानेही तोंड उघडले नाही.

कलम पाचवे. गेल्या पौषात मी म्हशाच्या जत्रेस गेलो होतो. बाजारात भुंग्या माझ्या हाताखालून निसटला. तो असा कधी निसटत नाही. मी उभाच राहिलो, पाऊल टाकवेना. मग पलीकडे तो आनंदाने केकाटताना ऐकू आला आणि एका घोडीने खिंकाळून उत्तर दिले. कोणीतरी माझा दंड धरून मला तेथे नेले. आवाजावरून कळले, पास्कू. वीस वर्षांनी तो माझ्याशी बोलला. म्हणाला, तुझ्याच घरची आहे, कुत्र्याने ओळखली. मी आसूढाळाचे काही बोललो. त्यावर तो हसला नाही, टोमणा मारला नाही. माझा हात धरून घोडीच्या गालावर ठेविला आणि म्हणाला, "भिवाजी, इथे काही नाही. बघ. दुसऱ्या बाजूलाही बघ."

दोन्ही गाल सरळ होते. वरपासून खालपर्यंत एक केस फिरलेला नव्हता. माझा अपमान करण्याची वीस वर्षांची उधारी त्याच्याजवळ होती आणि भर बाजारात संधी होती. त्याने ती घेतली नाही. मला स्टेशनावर कोण पोचविणार म्हणून विचारले. मी भुंग्याच्या मानेवर हात ठेवून तेथून निघालो.

घरी येऊन मी सर्वांना पुढे बोलाविले आणि जे बोलावयाचे ते बोललो. सून रडली. मारुती म्हणाला, "आबा, दुसरं कुठलं कारण तुम्ही ऐकलं असतंत? त्या शिंगराने तुम्हाला मारलं असतं. बायजाचा हात मोडला तेव्हाच आम्ही ठरवलं." म्हणजे सर्वांना सर्व ठाऊक होते. मी निरखून पाहण्याचे सोंग करीत होतो आणि ती सगळी माझे सोंग पाहत उभी होती. शत्रूने गळा कापला तर माणूस म्हणतो शत्रू होता. येथे केसाने गळा कापला तो घरच्यांनी, आणि तोही माझ्याच विद्येने. काळजीपोटी केला म्हणतात. काळजीपोटी केलेला दगा दगाच.

सबब पाकोळी घोडी, तिची झूल व तिचे दाण्याचे घमेले पास्कू बिन जुझे, राहणार ठाणे, यास द्यावे. मायलेकी एका दावणीला बांधाव्या. त्याने तिला गाडीला जुंपू नये, तिने पुष्कळ ओढले आहे. त्याच्या त्या घोड्याबद्दल मी जत्रेत बोललो ते मी परत घेतो. तो घोडा त्याच्याकडे सोळा वर्षे होता आणि त्याच्या घरात इतर घरांपेक्षा जास्त रडणे झाले नाही असे मी चौकशीअंती ऐकतो. या कलमास मारुतीने हरकत घेतल्यास कलम दुसरे रद्द समजावे.

कलम सहावे. भुंग्या कोणाच्याच नावे करीत नाही. घोडीबरोबर ठाण्यास चालत गेला तर जाऊ द्यावा, घरी राहिला तर दुसरी भाकरी त्याची. या घरात मला फसविले नाही असा तो एकटाच, असे मी महिनाभर म्हणत होतो. त्यात पुढील कलमाने दुरुस्ती केली आहे. दिवाणीण ही घरासोबत गंगूकडे जाईल. पेटीवरून तिला हुसकू नये.

कलम सातवे. खरारा, औषधांची पेटी व भोवऱ्यांची सर्व विद्या नात बायजा हिस द्यावी. मुलीस ही विद्या काय करावयाची असे कोणी म्हणू नये. तिने भोवरे घोडे ओळखण्यासाठी वाचावे, टाकण्यासाठी वाचू नयेत. मी घरात बोलणे टाकल्यावर ती एक दिवस तबेल्यात माझे ताट घेऊन आली. मी तिला म्हणालो, तू तरी खरे सांगावयाचे होतेस. ती म्हणाली, "आजोबा, मी मान हलवली होती. नाही नाही म्हणून दोनदा हलवली. बाबा समोर होते म्हणून बोलले नाही."

मारुतीपुढे बोलण्याची तिची छाती नव्हती, तरी तिने खरे सांगितले होते. मला ते मिळाले नाही. त्या दिवशी मी ताट तसेच परत पाठविले.

येणेप्रमाणे कलमे सात. लेखकांनी कागद वाचून दाखविला. नंतर ते म्हणाले की कायद्याप्रमाणे शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते, लिहून देणाराने कागद स्वतः वाचला की त्याला वाचून दाखविला, आणि दाखविला तर का. मी गंगूबाईस आतून बोलावून घेतले. तिच्यासमोर, साक्षीदारांसमोर, माझ्या तोंडाने सांगितले ते असे: मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तीन वर्षे झाली.

गंगूबाई म्हणाली, "एवढं तेव्हा बोलला असतात, तर शिंगरू आज दारात असतं."

तिचे बोलणे मी लेखकांकडून जसेच्या तसे लिहवून घेतले आहे, व ते या मृत्युपत्राचा भाग समजावे.

मुक्काम कल्याण, शके १८१०, सर्वधारीनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, बुधवार, तारीख ६ मार्च सन १८८९.

निशाणी नाल, भिवाजी बिन आनंदा भोईर. हात गंगूबाईने धरून जागेवर ठेविला.

साक्ष
रतन बिन हिरू म्हात्रे, राहणार कोपर, निशाणी नांगर
सखाराम विठोबा गुप्ते, राहणार कल्याण, दस्तुरखुद्द

लेखक त्रिंबक सदाशिव ओक, अर्जनवीस. लिहून देणारास तीन वेळा वाचून दाखविले.